विमानांच्या मॉडेलवरची वादग्रस्त चिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं किट हातात घेतलं की आज ना उद्या हा पेच पडतोच. डेकलचा, म्हणजे मॉडेलवर पाण्याने चिकटवायच्या छापील चिन्हांचा, कागद समोर आहे, रंग वाळलाय, आणि शेपटीवर काय लावायचं ते ठरत नाही. गेली कित्येक वर्षं मी ही विमानं बनवतोय. त्या काळात मला विचारले गेलेले आणि मी स्वतःला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नेमकी कोणती चिन्हं वादग्रस्त मानली जातात?

सगळ्यात आधी नाझी जर्मनीचं स्वस्तिक. त्यानंतर इटलीच्या विमानांच्या पंखांवरची फॅसिस्ट कुऱ्हाड-काठ्यांची जुडी, स्पेनमधल्या फ्रँकोच्या विमानांवरचं जू आणि बाण, काही देशांत सोव्हिएत लाल तारा आणि जपानचा किरणांचा सूर्य. यात आणखी एक गट धरायला हवा आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: तुकड्यांची बोधचिन्हं, पाडलेल्या विमानांच्या खुणा आणि विमानाच्या नाकावरची चित्रं. जर्मन विमानांच्या पंखांवरचा आणि धडावरचा काळा-पांढरा सरळ क्रूस, म्हणजे बाल्केनक्रॉइट्स, या यादीत नाही. तो पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, १९१८ मध्ये आला. त्याच्यावर बंदी नाही आणि तो जवळपास प्रत्येक किटमध्ये असतो.

स्वस्तिक तर मंगलचिन्ह आहे. मग एवढा बाऊ कशाला?

मराठी माणसाकडून हा प्रश्न सर्वात आधी येतो आणि तो रास्त आहे. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेत स्वस्तिक हजारो वर्षांपासून आहे. एकोणिसाव्या शतकात ट्रॉयच्या उत्खननात हाइनरिश श्लीमनला ते सापडलं आणि तिथून युरोपात त्याचं वेड पसरलं. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे बहुतेकांसाठी ते शुभशकुनाचं चिन्ह होतं. १९२० मध्ये नाझी पक्षाने ते झेंड्यावर घेतलं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्याच चिन्हाखाली साठ लाख ज्यूंची हत्या झाली.

जर्मन भाषेत त्याला हाकेनक्रॉइट्स म्हणतात, म्हणजे आकड्यांचा क्रूस. मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाच्या शेपटीवर जे आहे ते हे. ते पंचेचाळीस अंशात तिरकं, काळं आणि पांढऱ्या कडेचं असतं. आपल्या दारावरचं चिन्ह आणि हे चिन्ह आकाराने सारखं असलं तरी ते बघून कुणाला काय आठवतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक कायदेही आता ओळखू लागले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या धार्मिक वापराला त्यातून स्पष्ट वगळलं. म्हणून ‘आमच्याकडे ते पवित्र आहे’ हे उत्तर जर्मन बॉम्बरच्या शेपटीला लागू पडत नाही. ते चिन्ह तिथे पवित्र म्हणून रंगवलेलंच नव्हतं.

किटच्या डेकलमध्ये शेपटीचं चिन्ह का नसतं? आणि काही वेळा ते दोन तुकड्यांत का असतं?

कारण एकच किट अनेक देशांत विकलं जातं आणि जर्मनी ही या छंदाची मोठी बाजारपेठ आहे. मग उत्पादक वेगवेगळ्या वाटा काढतात. रेवेलसारखी जर्मन कंपनी ते चिन्ह देतच नाही. काही कंपन्या ते दोन किंवा चार तुकड्यांत छापतात, म्हणजे कागदावर पूर्ण चिन्ह दिसत नाही आणि जोडायचं की नाही हे घेणारा ठरवतो. काही जण ते कागदाच्या कोपऱ्यात छापतात, म्हणजे विशिष्ट देशांत पाठवताना तेवढा कोपरा कापून टाकता येतो. अशी कोपरा कापलेली शीट आली तर ती सदोष आहे असं समजून दुकानदाराशी भांडू नका.

खोक्यावरच्या चित्रातही हेच चालतं. शेपटीवर धूर येतो, चित्र अशा कोनातून काढलेलं असतं की शेपटी कडेला कापली जावी, किंवा ती जागा सरळ कोरी सोडलेली असते. खोक्यावरचं चित्र बघून ‘या विमानावर चिन्ह नव्हतं’ असा निष्कर्ष कधीही काढू नका.

कायदा काय सांगतो?

जर्मनीच्या दंडसंहितेतलं कलम ८६अ घटनाविरोधी संघटनांची चिन्हं जाहीरपणे दाखवायला, वाटायला आणि वाटण्यासाठी बनवायला, साठवायला किंवा आयात करायला मनाई करतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. शिक्षण, संशोधन, कला आणि इतिहासाचं वार्तांकन यांना सूट आहे, पण दुकानातलं खेळणं आपोआप त्या सुटीत बसत नाही. घरातल्या बंद कपाटातलं मॉडेल हा या कलमाचा विषय नाही. तेच मॉडेल प्रदर्शनाच्या टेबलावर आलं की मात्र गोष्ट बदलते.

ऑस्ट्रियात १९४७ पासून नाझीवादाविरुद्ध वेगळा कायदा आहे आणि १९६० पासून बिल्ले-चिन्हांचाही आहे. फ्रान्समध्ये नाझी गणवेश आणि चिन्हं सार्वजनिक जागी मिरवणं हा गुन्हा आहे, फक्त इतिहास उभा करणाऱ्या चित्रपटांना आणि प्रदर्शनांना मोकळीक आहे. ब्राझीलचा कायदा नाझीवादाच्या प्रचारासाठी स्वस्तिक बनवण्या-विकण्यावर बोट ठेवतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या सुरुवातीपासून देशभर बंदी आणली, शैक्षणिक आणि कलात्मक कारणांची सूट ठेवून. ब्रिटन आणि अमेरिकेत मॉडेलवरच्या चिन्हाला अशी सरसकट मनाई नाही.

हा कायदेशीर सल्ला नाही. दुसऱ्या देशात मॉडेल पाठवणार असाल किंवा स्पर्धेला नेणार असाल तर आयोजकांना आधी लेखी विचारा. जर्मनीतल्या प्रदर्शनांत ते चिन्ह झाकलेलं किंवा गाळलेलं असणं हीच रीत आहे आणि त्यासाठी कुणी गुण कापत नाही.

मग लावायचं की नाही? तुमचं मत काय?

कायदा आड येत नसेल तर मी लावतो, आणि त्याचं कारण एका रिकाम्या शेपटीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी हाइंकेल १११ हे जर्मन बॉम्बर प्रदर्शनात ठेवलं होतं. शेपटी कोरी. कुणाला त्रास नको म्हणून सोडली होती. एक शाळकरी मुलगी बराच वेळ ते बघत उभी होती. काचेची नाकाडी, आतली आसनं, पोटाखालचा गोळीबाराचा कप्पा, सगळं तिने निरखलं आणि विचारलं, “काका, हे कुणाचं विमान होतं? चांगल्या माणसांचं का?” माझ्या पाटीवर मॉडेलचं नाव, स्केल (मूळ विमानाच्या किती पट लहान) आणि रंगाचे क्रमांक होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. विमानावरून तिला ते कळायची जी एक सोय होती ती मी स्वतःच काढून टाकली होती.

तेव्हापासून माझी धारणा अशी: मॉडेल म्हणजे एका ठरावीक दिवसाचं ठरावीक विमान. ते कुणाचं होतं आणि कुठे गेलं होतं हे लपवायचं नाही. पण चिन्ह एकटंही सोडायचं नाही. त्याच्या शेजारी शब्द हवेत.

तुम्हाला ते हाताने लावणं नको वाटत असेल तर लावू नका. ज्याच्या घरच्यांनी ते चिन्ह भोगलंय त्याला ‘इतिहास आहे हो, सहन करा’ असं सांगण्याचा अधिकार मॉडेल बनवणाऱ्याला नाही. मला सलतं ते वेगळंच: चिन्हाच्या जागी काळा चौकोन, पोकळ हिरा किंवा नुसता क्रूस लावणं. असं चिन्ह कुठल्याही विमानावर नव्हतं. कोरी शेपटी निदान गप्प बसते, चौकोन मात्र धडधडीत खोटं सांगतो.

लावायचंच ठरवलं तर अचूक कसं लावायचं?

तारीख बघा. सगळं तारखेवर अवलंबून आहे.

१९३३ पासून जर्मन विमानांच्या शेपटीच्या दोन बाजू वेगळ्या होत्या: डावीकडे लाल पट्ट्यावर पांढऱ्या वर्तुळात स्वस्तिक, उजवीकडे काळा-पांढरा-लाल असा जुना साम्राज्याचा तिरंगी पट्टा. १५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गमध्ये ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे कायदे झाले, त्याच दिवशी ध्वजाचा कायदाही झाला आणि स्वस्तिकाचा झेंडा हाच एकमेव राष्ट्रध्वज ठरला. त्यानंतर विमानांच्या शेपटीवरही दोन्ही बाजूंना तोच लाल पट्टा आला. म्हणजे हाइंकेल ५१ किंवा युंकर्स ५२ चं मॉडेल करताना उजवी बाजू कशी रंगवायची हे त्या दिवसावर ठरतं. एका बाजूचा पट्टा बदलला एवढीच ती नोंद नाही. ज्या दिवशी माणसं परकी ठरवली गेली त्याच दिवसाची ती खूण आहे, आणि ती शेपटी रंगवताना मला हे विसरता येत नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा लाल पट्टा गेलेला होता आणि नुसतं पांढऱ्या कडेचं काळं चिन्ह उरलं होतं. आधी ते फिन (शेपटीचा उभा स्थिर भाग) आणि रडर (त्यामागचा हलणारा भाग) यांच्या सांध्यावर अर्धं-अर्धं बसायचं, पुढे १९४० पर्यंत ते फिनवर सरकलं. पोलंडवरच्या चढाईतलं विमान आणि ब्रिटनच्या लढाईतलं विमान यांत हा फरक चटकन दिसतो. युद्धाच्या उत्तरार्धात अनेक विमानांवर फक्त पांढरी किंवा फक्त काळी बाह्यरेषा सापडते. रात्रीच्या बॉम्बरवर तर काळा रंग घाईघाईने फासून खुणा अर्ध्यामुर्ध्या झाकलेल्या असायच्या. त्यामुळे किटच्या सूचनापत्रावर विसंबू नका. त्याच विमानाचा फोटो शोधा, निदान त्याच तुकडीचा त्याच महिन्यातला.

दोन तुकड्यांचं डेकल नीट कसं बसवायचं?

हे काम घाईचं नाही. पृष्ठभाग आधी चकचकीत वॉर्निशने गुळगुळीत करून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. मॅट रंगावर डेकल बसवलं तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. काळ्या चिन्हावर तो फारच उठून दिसतो.

पहिला तुकडा कापताना पारदर्शक पडद्याची कड शक्य तितकी जवळून कापा, विशेषतः जिथे दुसरा तुकडा येऊन भिडणार आहे ती बाजू. तिथे पडदा उरला तर दोन पडदे एकमेकांवर चढतात आणि मधोमध उंचवटा येतो. पाण्यात अर्धा मिनिट ठेवा, मग कागदावरच सुटू द्या. शेपटीवर सेटिंग सोल्यूशनचा, म्हणजे डेकल मऊ करून पृष्ठभागाला चिकटवणाऱ्या द्रवाचा, थेंब, त्यावर तुकडा, ओल्या ब्रशने जागेवर. आता थांबा. पहिला तुकडा पक्का धरेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. मी अर्धा तास तरी सोडतो. दुसरा तुकडा सरकवताना पहिला हलला की दोन्ही वाया जातात आणि सुटे तुकडे कुणी विकत नाही.

जोडावर केसाएवढी फट राहतेच. ती काळ्या रंगाने भरायची, पण शुद्ध काळा नको. छापलेला काळा जरासा करडा असतो, म्हणून थेंबभर गडद राखाडी मिसळा. चिन्ह रडरच्या सांध्यावर येत असेल तर डेकल वाळल्यावर नव्या पात्याने सांध्याच्या रेषेवर हलकी चीर द्या आणि पुन्हा सोल्यूशन लावा. मग ते खाचेत बसतं आणि रंगवल्यासारखं दिसतं.

किटमध्ये चिन्हच नसेल तर वेगळी डेकल शीट मिळते. एका शीटवर अनेक मापं असतात. विमानाप्रमाणे माप बदलतं, तेव्हा स्केलने भागून फोटोशी ताडून घ्या.

चिन्ह दाखवायचं नाही, पण खोटंही करायचं नाही. मग काय करता येईल?

बरंच काही. सगळ्यात सोपं म्हणजे भिंतीकडे शेपटी करून मांडा. हँगरमधला देखावा करणार असाल तर शेपटीवर ताडपत्री टाका. पातळ टिश्यू पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून अंथरला की वाळल्यावर हुबेहूब कापडासारख्या चुण्या पडतात. प्रदर्शनापुरतं झाकायचं असेल तर कमी चिकटणाऱ्या मास्किंग टेपचा तुकडा विमानाच्या रंगात रंगवून लावा, पण डेकलवर आधी वॉर्निशचे दोन हात असू द्या, नाहीतर टेपबरोबर तेही निघेल.

याहून चांगली वाट म्हणजे त्याच विमानाचा दुसरा मालक शोधणं. मेसरश्मिट १०९ स्वित्झर्लंडने वापरलं, रुमानियाने वापरलं. ब्रिटिशांनी पकडलेली जर्मन विमानं स्वतःची राउंडेल, म्हणजे गोल राष्ट्रचिन्हं, लावून उडवली, त्यासाठी १४२६ क्रमांकाची खास तुकडीच होती. आणि माझ्या कपाटात ज्याला मी पहिल्या ओळीत जागा दिली आहे ते अव्हिया एस-१९९. युद्धानंतर चेकोस्लोवाकियाने मेसरश्मिटच्या सांगाड्यात युंकर्सचं इंजिन बसवून हे बनवलं. १९४८ मध्ये नव्याने जन्मलेल्या इस्रायलने ते विकत घेतलं आणि २९ मे रोजी अशा चार विमानांनी इस्दूदजवळ इजिप्तच्या फौजेवर हल्ला केला. तोच सांगाडा, तीच अरुंद चाकं, आणि अंगावर ज्यूंचा डेव्हिडचा तारा. तीन वर्षांपूर्वी त्याच आकाराच्या शेपटीवर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मॉडेलपुढे फार काही समजावून सांगावं लागत नाही.

फिनलंडच्या विमानांवरही स्वस्तिक दिसतं. ते नाझी होते का?

ते चिन्ह नाझी नव्हतं. ६ मार्च १९१८ ला स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझनने फिनलंडच्या यादवीतल्या श्वेत सैन्याला एक थूलिन विमान भेट दिलं. त्याच्या पंखांवर त्याने स्वतःचं शुभचिन्ह रंगवलं होतं: निळं स्वस्तिक. तेच फिनलंडच्या हवाई दलाचं चिन्ह झालं. तेव्हा नाझी पक्ष जन्मालाही आला नव्हता. पण गोष्ट इतकी धुतल्या तांदळासारखीही नाही. फॉन रोझनची मेव्हणी कारीन पुढे हर्मान ग्योरिंगची पत्नी झाली आणि फिनलंड १९४१ ते १९४४ या काळात जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाशी लढला. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

मॉडेलसाठी महत्त्वाचं: फिनिश चिन्ह सरळ उभं असतं, तिरकं नाही. रंग फिकट निळा, पांढऱ्या वर्तुळात. ते पंखांवर आणि धडावर असतं. त्या काळच्या फिनिश विमानांवर पूर्व आघाडीचे पिवळे पट्टेही असतात. सप्टेंबर १९४४ च्या युद्धविरामानंतर फिनलंडला लॅपलंडमधून जर्मनांना हुसकावावं लागलं. त्या काही महिन्यांत निळ्या स्वस्तिकाची विमानं काळ्या स्वस्तिकाच्या फौजेवर बॉम्ब टाकत होती, तीही जर्मनीकडूनच घेतलेल्या युंकर्स ८८ मधून. १९४५ मध्ये हे चिन्ह जाऊन पांढरं-निळं राउंडेल आलं. हवाई दलाच्या मुख्यालयाच्या बोधचिन्हात मात्र ते २०१७ पर्यंत टिकलं.

लाटवियाच्या १९४० पर्यंतच्या विमानांवर लाल अग्निक्रूस होता. तो तिथल्या लोककलेतला, विणकामातला जुना नमुना. जर्मनीतला कायदा आणि ऑनलाइन छाननी यांना असे बारकावे दर वेळी दिसतात असं नाही, म्हणून या विमानांच्या पाट्या मी जास्त मोठ्या करतो.

स्वस्तिक नसलेलं जर्मन विमान घेतलं म्हणजे वाद टळला ना?

नाही. स्पेनच्या यादवीत फ्रँकोच्या बाजूने लढलेल्या काँडोर लीजन या जर्मन दलाच्या विमानांवर स्वस्तिक नव्हतं. शेपटीला पांढऱ्या रडरवर काळी फुली, एवढंच. २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका शहर बेचिराख करणारी विमानं अशीच होती. त्या किटमध्ये बंदी असलेलं एकही चिन्ह नसतं, आणि तरी माझ्या मते या छंदातलं ते सर्वात जड डेकल आहे.

नावांचंही तसंच. जर्मनीच्या २६ व्या लढाऊ तुकडीच्या विमानांवर ढालीत एक साधं एस हे अक्षर असतं. ते श्लागेटरचं आहे, ज्याला १९२३ मध्ये फ्रेंचांनी फाशी न देता गोळ्या घातल्या आणि नाझींनी ज्याला हुतात्मा केलं. कागदावर ते नुसतं अक्षर आहे, म्हणून कुठलाच उत्पादक ते गाळत नाही. काँडोर लीजनमध्ये लढलेला वैमानिक वेर्नर म्यॉल्डर्स याच्या नावाची तुकडी नव्या जर्मन हवाई दलातही होती. काँडोर लीजनमध्ये लढलेल्यांचा गौरव नको असा ठराव जर्मन संसदेने १९९८ मध्ये केला आणि २००५ मध्ये त्या तुकडीचं नाव उतरवलं गेलं.

जर्मन वैमानिक रूडेलच्या श्टुका बॉम्बरचा पर्याय कितीतरी किटमध्ये असतो. युद्धानंतरही हा माणूस बदलला नाही. अर्जेंटिनात गेला, तिथे पळून आलेल्या नाझींना त्याने मदत केली आणि १९५३ मध्ये जर्मनीत अतिउजव्या पक्षाकडून निवडणूक लढवली. त्याच्या नावाची सोनेरी पाटी लावून विमान मांडणं मला जमत नाही. श्टुका बनवायचं तर मी दुसऱ्या कुणाचं बनवतो.

जपानच्या लाल गोळ्याबद्दल काय?

लाल गोळा, म्हणजे हिनोमारू, आजही जपानच्या विमानांवर आहे. तो लावायला हरकत नाही. वाद आहे तो सोळा किरणांच्या उगवत्या सूर्याचा. तो सैन्याचा झेंडा होता आणि कोरिया-चीनमध्ये त्याच्या आठवणी भयंकर आहेत. जपानचं नौदल आजही तो वापरतं, आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या जेजूच्या नौदल संचलनातून जपान याच झेंड्यावरून बाहेर पडला. मॉडेलच्या दृष्टीने सांगायचं तर किरणांचा सूर्य हे विमानांचं राष्ट्रीय चिन्ह नव्हतंच. तो येतो मॉडेलखालच्या तळफळीवर, मागच्या पडद्यावर, शोभा म्हणून. ती शोभा टाळा. विमानाला तिची गरज नाही.

सोव्हिएत लाल ताऱ्यावर खरंच कुठे बंदी आहे?

हो. लिथुएनियाने २००८ मध्ये आणि युक्रेनने २०१५ मध्ये सोव्हिएत चिन्हांच्या जाहीर वापरावर बंदी आणली. हंगेरीच्या दंडसंहितेत स्वस्तिकाच्या शेजारीच पाच टोकी लाल तारा आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात त्यावरून हंगेरीला दोषी धरलं होतं. ज्या ताऱ्याने एका देशाला नाझींपासून सोडवलं, तोच तारा त्याच देशाच्या डोक्यावर पुढे चाळीस वर्षं बसला. सोव्हिएत मिग विमान घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर स्वस्तिकाइतकीच चौकशी याचीही करा.

दोस्तराष्ट्रांच्या विमानांवर काही अडचण असते का?

असते, आणि तिकडे लक्ष कमी जातं. अमेरिकन लढाऊ विमानांच्या कॉकपिटखाली पाडलेल्या जर्मन विमानांची मोजदाद अनेकदा छोट्या स्वस्तिकांनी केलेली असते. काही किटमध्ये त्यांच्या जागी क्रूस छापलेले आढळतात. पॅसिफिकमधल्या काही विमानांच्या नाकावर जपानी माणसांची दात काढलेली व्यंगचित्रं आणि हिणवणारे शब्द आहेत. अशा वेळी मी त्याच तुकडीतलं दुसरं विमान निवडतो. तुकडीत डझनावारी विमानं असतात, तेच चित्र हवं असा हट्ट कशाला?

आणि अणुबॉम्ब टाकणारी दोन बी-२९. एनोला गे हे नाव वैमानिक पॉल टिबेट्सच्या आईचं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ते रंगवलं गेलं. एनोला गेच्या शेपटीवर स्वतःच्या तुकडीची खूण न ठेवता वर्तुळातलं आर ठेवलं होतं, ओळख पटू नये म्हणून. नागासाकीला गेलेल्या बॉक्सकारचं नाकावरचं प्रसिद्ध चित्र त्या दिवशी विमानावर नव्हतंच, ते नंतर काढलं गेलं. किटमध्ये चित्र दिलेलं असतं आणि लोक ते लावून खाली ‘९ ऑगस्ट १९४५’ लिहितात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने १९९५ मध्ये एनोला गे मांडायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या मजकुरात काय लिहायचं यावरून एवढा वाद झाला की मूळ प्रदर्शनच रद्द करावं लागलं. वाद विमानाच्या रंगाचा नव्हता, पाटीचा होता.

पाटीवर काय लिहू?

विमान, देश, तुकडी, ठिकाण, महिना आणि एक वाक्य चिन्हाबद्दल. माझ्या ब्रूस्टरची पाटी अशी आहे: “ब्रूस्टर २३९, फिनलंडचं हवाई दल, १९४२. निळं स्वस्तिक हे १९१८ पासूनचं फिनिश राष्ट्रीय चिन्ह. या वर्षी फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढत होता.” बास. विशेषणं नकोत. ‘शूर’, ‘अजिंक्य’, ‘दहशत’ असे शब्द खोक्यावर असतात, ते तिथेच राहू द्या. त्या हाइंकेललाही मी नंतर पाटी केली आणि त्यात लंडनचं नाव घातलं.

फोटो टाकले की पोस्ट उडते. काय करू?

आपोआप चालणारी छाननी संदर्भ बघत नाही. पहिला फोटो पुढच्या बाजूचा ठेवा, शेपटी नंतर, आणि वर्णनात पाटीचा मजकूर द्या. विक्रीसाठी टाकत असाल तर त्या संकेतस्थळाचे नियम वेगळे वाचा. अंधूक केलेली शेपटी चालते, फक्त ‘फोटोत झाकलं आहे’ असं लिहा.

जुन्या मॉडेलवरचं डेकल काढता येतं का?

वॉर्निश नसेल तर सहज. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दहा मिनिटं ठेवा, मग चिकटपट्टी दाबून हळूच उचला. उरलेलं बोटाने चोळून निघतं. वॉर्निश असेल तर बारीक ओल्या पॉलिशपेपरने घासून तेवढ्या जागेवर पुन्हा रंग द्यावा लागतो. नवा रंग जुन्याशी तंतोतंत जुळत नाही, शेपटीवर एक ताजा चौकोनी ठिपका दिसतो. तो लपवायचा आटापिटा करू नका. ब्रिटिशांनी पकडलेल्या विमानांच्या जुन्या फोटोंत शेपटीकडे बारकाईने बघितलं तर असाच ठिपका दिसतो.